अनेक फायली पाठवताना नेमक्या त्याच का राहतात? एससीपी आणि आरसिंकच्या नेहमीच्या तक्रारी

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. एससीपी आणि आरसिंक ही टर्मिनलमधून एका यंत्रावरून दुसऱ्यावर फायली नेणारी साधनं. त्यांनी एक फाइल पाठवली की बिनबोभाट जाते. अख्खा फोल्डर पाठवायला घेतला की काही जातात, काही राहतात, आणि राहिलेल्यांत काही मेळ दिसत नाही. पुन्हा कमांड मारली की पुन्हा तेच. मग खापर फुटतं नेटवर.

नेट खरंच खराब असेल तर दर वेळी वेगळ्या फायली राहतील. दर वेळी त्याच राहत असतील तर घोळ फाइलच्या नावात आहे, किंवा फायलींच्या संख्येत. मराठी नावांच्या बाबतीत तर हे हमखास. कारण एक नाव तीन ठिकाणी वाचलं जातं: आधी तुमचं शेल (टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्राम), मग पलीकडचं शेल किंवा सर्व्हर, आणि शेवटी डिस्कची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत. तिघांचे नियम वेगळे. कोण अडलं हे कळलं की उपाय सोपा असतो. ते न बघता नुसती साधनं बदलत बसलं तर संध्याकाळ जाते.

उदाहरणाला एक फोल्डर घेऊ: ‘पन्हाळा दौऱ्याचे फोटो’. लॅपटॉपवरून तो लिनक्स सर्व्हरवर न्यायचा आहे. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या, आणि कॅपिटल असं सांगितलं नसेल तिथे स्मॉल अक्षरांत.

आधी काय राहिलं ते बघा

दोन्ही बाजूंना फायली मोजा:

फाइंड . -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल

फोल्डरच्या आकाराची तुलना जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ कमांडने करू नका. डिस्कवरचे ब्लॉक वेगळे असले की तीच फाइल इथे एक आकडा दाखवते, तिथे दुसरा. संख्या जुळत नसेल तर नेमकं काय नाही हे आरसिंकलाच विचारा, काहीही न पाठवता:

आरसिंक -एएनआय "पन्हाळा दौऱ्याचे फोटो/" नाव@सर्व्हर:/डेटा/पन्हाळा/

यातला एन म्हणजे कोरडी तालीम, आय म्हणजे प्रत्येक फाइलचा तपशील. ओळीच्या सुरुवातीला अधिकची चिन्हं रांगेनं दिसली तर ती फाइल पलीकडे नाहीच. त्या जागी एस दिसला तर आकार वेगळा. नुसता टी असेल तर फाइल पोहोचलेली आहे, फक्त तिची वेळ जुळत नाही.

याच वेळी काही जणांना नावांच्या जागी \#३४०\#२४४\#२५२ असली आकड्यांची माळ दिसते आणि नावं फुटली असं वाटून घाम फुटतो. नावं शाबूत असतात. टर्मिनलचं लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ या अक्षरसंकेताचं नसलं की आरसिंक न ओळखलेले बाइट अष्टमान आकड्यांत छापतो; वरचे तीन आकडे म्हणजे आपला ‘प’. कमांडला -८ जोडा, नावं सरळ दिसतील.

स्पेस, स्टार आणि अवतरणचिन्हं

नाव अवतरणात न घालता दिलं की शेलच्या लेखी ते एक नाव नसतं, तीन असतात: पन्हाळा, दौऱ्याचे, फोटो. मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ तीनदा येतं. एरर एकाच नावाचे तुकडे करून येत असेल तर कारण हेच. बाकी काही शोधू नका.

हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते पलीकडच्या बाजूला. जुनं एससीपी पलीकडचा पत्ता तिथल्या शेलला वाचायला देत असे, म्हणजे स्पेसचा अर्थ दोनदा लावला जाई. म्हणून लोक अवतरणात अवतरण घालायला शिकले: बाहेर दुहेरी, आत एकेरी. एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएच (एससीपी ज्यातून येतं तो संच) ९.० आलं आणि एससीपी आतून एसएफटीपी या फायली पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर चालू लागलं. आता पलीकडे शेल मध्ये येत नाही. त्यामुळे आतली ती अवतरणचिन्हं नावाचाच भाग समजली जातात आणि सर्व्हर ‘अशी फाइल नाही’ म्हणून मोकळा होतो. वर्षानुवर्षं चालणारी स्क्रिप्ट नवं लिनक्स टाकल्यावर अचानक बंद पडली असेल तर आधी हे तपासा. आतलं अवतरण काढा, बाहेरचं ठेवा.

उलटही होतं. पलीकडचं यंत्र जुनं असेल, एखादा राउटर किंवा घरगुती स्टोरेजचा डबा, आणि त्यात एसएफटीपी नसेलच, तर नवं एससीपी ‘सबसिस्टम रिक्वेस्ट फेल्ड’ म्हणतं. तिथे -ओ, कॅपिटल ओ, लावा. ते जुन्या पद्धतीनं बोलेल. मग अवतरणात अवतरण घालायचा जुना नियमही परत लागू होतो.

आरसिंकचंही त्याच महिन्यात बदललं. ३.२.४ पासून तो पलीकडच्या पत्त्यातल्या स्पेस स्वतःच सांभाळतो. त्याआधीच्या आवृत्तीला -एस द्यावा लागे. त्यामुळे कुठल्याही जुन्या सूचना उचलण्याआधी ‘आरसिंक --व्हर्जन’ आणि ‘एसएसएच -व्ही’, कॅपिटल व्ही, हे दोन्ही टोकांना चालवून बघा. माझ्या मते या विषयावरचा निम्मा गोंधळ चुकीच्या उत्तरांनी झालेला नाही. जुन्या काळी बरोबर असलेल्या उत्तरांनी झालेला आहे.

आता स्टार (*), म्हणजे ‘कुठलंही नाव चालेल’ हे चिन्ह. अवतरणाच्या आत शेल स्टारला हात लावत नाही. म्हणून फोल्डरचं नाव अवतरणात आणि स्टार बाहेर:

एससीपी "पन्हाळा दौऱ्याचे फोटो"/*.जेपीजी नाव@सर्व्हर:/डेटा/पन्हाळा/

आणायचं असेल तर मात्र बरोबर उलटं. स्टार पलीकडच्या पत्त्यात आहे, तो आपल्या शेलनं उलगडू नये. बॅश हे शेल अशा वेळी जुळणारी फाइल इथे सापडली नाही की स्टार तसाच पुढे पाठवतं, म्हणून काम चालून जातं. झेडएसएच तसं करत नाही. ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून जागीच थांबतं. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडएसएच हेच मूळ शेल आहे. ‘लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही’ या तक्रारीमागे बहुधा एवढंच असतं. पत्ता अवतरणात घाला.

निम्मे फोटो गेले आणि एररही आली नाही? एक्सटेन्शन बघा. बरेच कॅमेरे जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितात, फोन स्मॉलमध्ये. लिनक्सला हे दोन वेगळे प्रकार आहेत. एका दौऱ्यात एकाचा कॅमेरा आणि बाकीच्यांचे फोन असले की फोल्डरमध्ये दोन्ही येतात, आणि स्मॉल अक्षरांचा स्टार कॅमेऱ्याचे फोटो निमूट सोडून देतो. सगळंच पाठवायचं असेल तर स्टारच्या भानगडीत पडू नका, फोल्डर द्या.

आणखी एक, क्वचित दिसणारी पण डोकं खाणारी गोष्ट. ‘बैठक १०:३०’ अशा नावाची ध्वनिफीत पाठवताना एससीपीला विसर्गासारखं ते कोलन दिसतं आणि ते ‘बैठक १०’ नावाचा सर्व्हर शोधायला निघतं. नावाआधी ./ लावा. डॅशनं सुरू होणाऱ्या नावालाही हाच उतारा.

आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग

ही एरर एससीपीची नाही, आरसिंकचीही नाही. स्टार उलगडून शेल सगळी नावं एका ओळीत मांडतं आणि ती ओळ कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, मर्यादेबाहेर जाते. लिनक्सवर ही मर्यादा साधारणपणे २०,९७,१५२ बाइट असते, मॅकवर त्याच्या निम्मी. ‘गेटकॉन्फ आर्ग_मॅक्स’ चालवलं, यातलं आर्ग_मॅक्स कॅपिटलमध्ये, की तुमच्या यंत्रावरचा आकडा कळेल.

मराठी नावांना ही मर्यादा लवकर का गाठते, ते एकदा हातानं मोजून बघण्यासारखं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. पन्हाळा: प, न, हलन्त, ह, काना, ळ, काना. सात चिन्हं, २१ बाइट. दौऱ्याचे: आठ चिन्हं, २४ बाइट. फोटो: चार, १२ बाइट. त्यात तीन स्पेस, रोमन आकड्यांतला चार अंकी क्रमांक आणि चार बाइटचं एक्सटेन्शन धरलं की एका फोटोचं नाव ६८ बाइटचं होतं. कर्नल प्रत्येक नावामागे आणखी नऊ बाइट धरतो. ७७ नं भागलं की सत्तावीस हजार फोटोंच्या आसपास ओळ भरते, तीही फोल्डरच्या आत उभं राहून नुसती नावं दिली तर. बाहेरून स्टार मारला की प्रत्येक नावामागे फोल्डरचं नावही लागतं आणि आकडा झपाट्यानं खाली येतो. एका दौऱ्याचे एवढे फोटो नसतील. पण वर्षानुवर्षांचे स्कॅन एकाच फोल्डरमध्ये ओतणाऱ्या कचेऱ्या कमी नाहीत.

उपाय तोच: स्टार काढा, फोल्डर द्या. आरसिंक आतली यादी स्वतः वाचतो, ती कमांडच्या ओळीतून जातच नाही. निवडक फायलीच हव्या असतील तर यादी पाइपनं द्या:

फाइंड . -आयनेम '*.जेपीजी' -प्रिंट० | आरसिंक -ए --फ्रॉम० --फाइल्स-फ्रॉम=- ./ नाव@सर्व्हर:/डेटा/पन्हाळा/

शून्याचं काम महत्त्वाचं आहे. दोन नावांच्या मध्ये नवी ओळ न येता शून्य बाइट येतो, आणि शून्य बाइट कुठल्याच नावात असू शकत नाही. स्पेस असो, अवतरण असो, नाव अखंड पोहोचतं. ‘-आयनेम’मुळे कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नही मिटतो. एक्सआर्ग्ज (यादीतली नावं गठ्ठ्यांनी कमांडला देणारं साधन) लावून एससीपी चालवण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. मी तो देत नाही. शून्याशिवायचं एक्सआर्ग्ज स्पेसवर नाव तोडतं, आणि प्रत्येक गठ्ठ्याला नवीन जोडणी, नवीन पासवर्ड.

लाखो बारीक फायली पहिल्यांदाच न्यायच्या असतील तर टार करून, म्हणजे सगळ्यांचा एकच गठ्ठा बांधून, सरळ एसएसएचच्या जोडणीत ओतणं हे अजूनही झकास चालतं:

टार -सीएफ - . | एसएसएच नाव@सर्व्हर 'टार -एक्सएफ - -सी /डेटा/पन्हाळा'

शेवटचा सी कॅपिटल. मध्येच तुटलं तर मात्र पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा राहिलेलं आरसिंकनं पुरं करा.

फाइल नेम टू लाँग

लिनक्सच्या ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तिन्ही फाइल सिस्टीमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. बाइटची, अक्षरांची नव्हे. देवनागरीत म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ चीच, पण ती यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात, आणि तिथे देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एकच एकक. त्यामुळे विंडोजवर सुखानं नांदणारं दीडशे चिन्हांचं नाव लिनक्सवर उतरूच शकत नाही. नव्या एससीपीत तर धड कारणही कळत नाही. नुसतं ‘बॅड मेसेज’ येतं.

यात सर्वांत जास्त कोण सापडतं, तर शासन निर्णय साठवणारे. निर्णयाचा विषय जसाच्या तसा फाइलच्या नावात टाकायची सवय असते, आणि ‘…करण्याबाबत’पर्यंत पोहोचेतो ८५ चिन्हं केव्हाच संपलेली असतात. निघण्याआधी विंडोजवरच पॉवरशेलमध्ये लांबी ८५ पेक्षा जास्त असलेली नावं वेगळी काढा. त्यांतली सगळीच अडतील असं नाही, कारण स्पेस आणि रोमन अक्षरं एकेकच बाइट घेतात. पण अडणारी सगळी या यादीत असतील. नाव क्रमांक आणि तारखेवर आणा, पूर्ण विषय एखाद्या तक्त्यात ठेवा.

पलीकडचा फोल्डर ईक्रिप्टएफएसनं कूटबद्ध केलेला असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. काही घरगुती स्टोरेजच्या डब्यांत हे पडद्याआड चालू असतं. साध्या फोल्डरमध्ये जाणारी फाइल कूटबद्ध फोल्डरमध्ये जात नसेल तर इथे बघा.

एकाच नावाचे दोन फोल्डर

हा खास मराठीचा रोग आहे, म्हणून जरा थांबतो. सर्व्हरवर ‘पन्हाळा दौऱ्याचे फोटो’ नावाचे दोन फोल्डर दिसतात. काना-मात्रेचा फरक नाही. निम्मे फोटो यात, निम्मे त्यात. पोहोचलेले फोटोही आरसिंक पुन्हा पाठवतो.

दोष त्या ‘ऱ्या’मध्ये आहे. हे अक्षर साठवायच्या तीन पद्धती चालतात. पहिली, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दुसरी, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि पाठोपाठ झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. फाइल सिस्टीम मात्र बाइट बघते, आणि बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. ‘एलएस | एक्सएक्सडी’ केलं की उलगडा होतो: ई० ए४ बी१ दिसलं तर पहिली पद्धत, ई० ए४ बी० पाठोपाठ ई० ए४ बीसी असेल तर दुसरी, आणि कुठे ई२ ८० ८डी आलं तर तिसरी.

दुसरी पद्धत बहुधा मॅकवरून येते. मॅकची जुनी फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, प्रत्येक नावाचे घटक सुटे करून साठवत असे. त्यात ऱ चा र आणि नुक्ता होतो. नवी एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, पण जुन्या डिस्कवरून आलेली सुटी नावं सुटीच राहतात. म्हणून वारे, दौरे, दऱ्या, कोऱ्या पाट्या यांतलं ‘वारे’ आणि ‘दौरे’ नीट जातं. दऱ्या आणि कोऱ्या अडतात. ज्याला हे माहीत नाही त्याला हा भुताटकीचा प्रकार वाटणं साहजिक आहे.

मॅकवरून पाठवताना आरसिंकला --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ द्या. आधी आपल्या बाजूचा प्रकार, मग पलीकडचा. पाठवत असा की आणत असा, हा क्रम तोच. यासाठी ३.० किंवा पुढचा आरसिंक लागतो. मॅकबरोबर वर्षानुवर्षं २.६.९ येत असे, त्यात ही सोय नाही; होमब्रू या मॅकवरच्या प्रोग्राम-भांडारातून नवा घ्या.

आधीच दोन फोल्डर झाले असतील तर त्यांना नावानं पकडणं कठीण, कारण टाइप केलं तर कुठल्या नावाला लागेल सांगता येत नाही. ‘एलएस -आय’नं आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरचा त्या फोल्डरचा नंबर, मिळवा, आणि ‘फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम’ पुढे तो क्रमांक देऊन त्यातूनच एमव्ही ही नाव बदलणारी कमांड चालवा. नुक्त्यावाल्या फोल्डरला तात्पुरतं एखादं साधं रोमन नाव द्या. मग त्याच्या आतली नावं कॉन्व्हएमव्ही या साधनानं सारखी करा; त्यातलं --एनएफसी सुटे घटक जोडून एक करतं:

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ-८ -टी यूटीएफ-८ --एनएफसी -आर फोल्डर

हे फक्त काय बदलेल ते दाखवतं. पटलं की --नोटेस्ट जोडून पुन्हा चालवा. नंतर आरसिंकनं, --इग्नोर-एक्झिस्टिंग लावून, हा फोल्डर दुसऱ्यात मिसळा.

तिसऱ्या पद्धतीला एनएफसीचा उपयोग नाही. युनिकोडच्या हिशेबी ऱ आणि र-नुक्ता ही एकच गोष्ट आहे, झेडडब्ल्यूजेवालं रूप तसं नाही. तिथे रीनेम कमांडनं र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावं लागतं. ॲ चंही असंच: ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीच्या फायलींत अ आणि वर चंद्र असं सापडतं, आणि स्टार लावून ‘ॲ’नं शोधलं की त्या फायली गायब.

हा घोळ मिटेपर्यंत, पलीकडचं जादाचं पुसणारं --डिलीट अजिबात वापरू नका. नुक्त्यावाला फोल्डर इकडे आणि ऱवाला तिकडे असला की आरसिंकच्या लेखी तिकडचा फोल्डर जादाचा आहे. आरसिंक तो फोल्डर उडवेल.

दर वेळी सगळं पहिल्यापासून

नावं जुळतात, तरी आरसिंक सगळं परत पाठवतो? तो आकार आणि बदलाची वेळ एवढंच बघतो. पहिली खेप एससीपीनं, -पी न लावता केली असेल तर पलीकडच्या सगळ्या फायलींवर पोहोचल्याची वेळ बसलेली असते. आरसिंकला -ए ऐवजी नुसता -आर दिला तरी तेच होतं. एकदा -ए नं पूर्ण फिरवा, वेळा जुळतील आणि पुढच्या खेपा झटपट होतील. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर तिथे वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांत लिहिली जाते; --मॉडिफाय-विंडो=१ द्या. त्याच पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक फाइल मावत नाही, व्हिडिओ राहतो तो त्यामुळे.

फोल्डरमध्ये पुन्हा त्याच नावाचा फोल्डर तयार होत असेल तर मूळ पत्त्याच्या शेवटी स्लॅश द्यायचा राहिला आहे. स्लॅश असला की आतला माल जातो, नसला की फोल्डरसकट.

लाइट जाणारी किंवा जोडणी तुटणारी जागा असेल तर -पी, कॅपिटल पी, लावा म्हणजे अर्धवट आलेली फाइल टाकून दिली जात नाही, आणि सर्व्हरवरून काम करत असाल तर सगळं टीमक्समध्ये चालवा, ते जोडणी तुटली तरी काम चालू ठेवतं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० ठेवलं की नुसती शांतता पसरल्यामुळे जोडणी मरत नाही.

मूळ फोल्डर पुसायच्या आधी शेवटची तालीम -एएनआयसी अशी घ्या. यातल्या सी मुळे आकार आणि वेळेवर विश्वास न ठेवता दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा चेकसम (आतल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढला जातो. वेळ लागतो, दोन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. मोठा फोल्डर असेल तर रात्री लावून ठेवा. सकाळी एकही फाइल छापलेली नसेल तर सगळं पोहोचलं आहे.